पुरात पुलाचा पाया कसा पोखरला जातो? कृष्णाकाठच्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ऑगस्टमध्ये पाणी चढतं, सप्टेंबरात उतरतं आणि मग गावोगावचे फोन सुरू होतात. आमच्या पुलाला काही झालं नसेल ना? बंधाऱ्याचा भराव राहील का? नदीतली पाणी उपसायची विहीर, म्हणजे जॅकवेल, एका अंगाला झुकल्यासारखी वाटते, खरंच झुकली का? मी नोकरीत असताना पुलांच्या आणि बंधाऱ्यांच्या सर्वेक्षणावर होतो. आता वाळवा तालुक्यात आमच्या गावच्या पाणी संस्थेचं काम बघतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

पुरात पुलाला खरा धोका कशाचा? वरून पाणी गेल्याचा की धडकेचा?

दोन्हींचा असतो, पण जास्त धोका खालून असतो. वरून पाणी गेलं तर कठडे जातात, डांबर निघतं, स्लॅब सरकू शकते, आणि ते सगळं डोळ्यांना दिसतं. खांबाच्या बुडाशी पाणी जी माती उचलून नेतं ते दिसत नाही. पाया ज्या मातीवर किंवा वाळूत उभा आहे तीच निघून गेली की चांगल्या काँक्रीटचा खांबही कलतो. अभियंते याला स्कोअर म्हणतात, आपल्याकडे पाया पोखरला म्हणतात. मी पोखरणं हाच शब्द वापरतो.

पण खड्डा नेमका खांबापाशीच का पडतो? बाकीचा तळ तर जागेवर असतो.

उसाला पाणी पाजताना पाटात एक वीट उभी ठेवून बघा. पाट जरा वाळूमिश्र जमिनीतला हवा आणि पाणी जोरात सोडलेलं हवं. पाचेक मिनिटांत विटेच्या पुढच्या बाजूला, म्हणजे ज्या अंगाने पाणी येतंय तिकडे, वाटीएवढा खड्डा दिसेल. मग तो दोन्ही बाजूंनी मागे सरकतो. विटेच्या मागे मातीची छोटी शेपटी तयार होते. थोड्या वेळाने वीट पडते, आणि बहुतेक वेळा ती पाण्याच्या दिशेने न पडता उलटी, पाण्याच्या तोंडाकडे पडते. पहिल्यांदा बघणाऱ्याला याचं फार आश्चर्य वाटतं, कारण पाणी ढकलून पाडतं अशी आपली समजूत असते. वीट पडली ती पुढची माती गेल्यामुळे.

नदीतही हेच होतं. वाहत्या पाण्याचा वेग वरच्या थरात जास्त आणि तळाशी घासल्यामुळे कमी असतो. हे पाणी खांबाच्या नाकाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूच्या टोकाला, धडकलं की वरच्या थराचा दाब खालच्यापेक्षा जास्त होतो आणि पाणी खांबाला चिकटून खाली घुसतं. तळाला आपटून ते उलटं वळतं, गुंडाळी होते, आणि ती गुंडाळी खांबाला दोन्ही बाजूंनी वेढा घालून मागे जाते. वरून पाहिलं तर घोड्याच्या नालेचा आकार दिसेल. ही गुंडाळी तळातली वाळू खरवडते. खांबाच्या मागे आलटून पालटून जे उभे भोवरे सुटतात, ते खरवडलेली वाळू वर उचलून पुढे नेतात. पुलावर उभं राहून खाली बघितलं की हे मागचे भोवरे दिसतात. खड्डा पाडणारी गुंडाळी मात्र खोल, पुढच्या बाजूला असते आणि कधीच दिसत नाही.

वेगाचाही हिशेब लक्षात ठेवा. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, आणि ते जो दगड ढकलू शकतं त्याचं वजन ६४ पट होतं. म्हणून चार दिवसांच्या पुरातली अर्धी रात्रच पुलाला महागात पडते.

पूर ओसरल्यावर आम्ही जाऊन बघितलं. खड्डा कुठेच नव्हता. मग भीती कशाची?

याच उत्तरासाठी हे पान लिहायला घेतलं.

पूर चढत असताना खड्डा खोल होत जातो. पूर उतरू लागला की पाण्याचा जोर कमी होतो आणि ते सोबत आणलेला गाळ, वाळू त्याच खड्ड्यात टाकत जातं. तुम्ही चिखल तुडवत नदीत उतरेपर्यंत खड्डा भरून तळ सपाट झालेला असतो. पुराच्या ऐन रात्री पाया दहा फूट उघडा होता की दोन, याचा पत्ता त्या सपाट तळावरून लागत नाही.

एका मे महिन्यात शेजारच्या गावच्या पुलाखाली गेलो होतो. पाणी गुडघ्याच्याही खाली. बरोबर गावातली दोन पोरं आणि टोकाला लोखंडी खिळा बसवलेला एक बांबू. खांबापासून दहा-पंधरा पावलांवर बांबू रोवला तर वीतभर गेला आणि कडक लागलं. पोरगा म्हणाला, ‘‘आप्पा, हितं तर सगळं जागच्या जागी हाय की.’’ मग खांबाच्या नाकापाशी रोवला. हाताचा जोर न लावता बांबू सहा फूट खाली गेला. वर काढला तर खालच्या तीन फुटांना काळा, वास मारणारा गाळ चिकटलेला आणि त्यात उसाचं कुजलेलं पाचट. दहा पावलांवर कडक थर आणि इथे सहा फूट लोणी. गेल्या पुरात ती जागा कमीत कमी सहा फूट उघडी होती, असा त्याचा सरळ अर्थ. भरून आलेला हा गाळ सैल असतो, पुढच्या पुरात सगळ्यात आधी तोच जातो. पायाला त्याचा आधार नसतो, दिसायला फक्त असतो.

सांगलीकरांना आयर्विन पुलाची पाणीपातळी तोंडपाठ असते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा शहरातलं लहान मूलसुद्धा तासातासाला फुटांचे आकडे सांगत होतं. पण कुठल्याही पुलावरचा तो आकडा पाण्याची वरची कड सांगतो. त्याच वेळी तळ किती खाली गेला, हे त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं. पाणी एक फूट चढलं आणि तळ सहा फूट उतरला, असं एकाच वेळी होऊ शकतं.

खड्डा किती खोल जाऊ शकतो? काही आकडा आहे का?

आहे. गोल नाकाचा, प्रवाहाच्या सरळ रेषेत असलेला खांब असेल तर त्याच्यामुळे पडणारा खड्डा साधारण खांबाच्या रुंदीच्या २.४ पटीपर्यंत जाऊ शकतो असं धरतात. दीड मीटर रुंदीच्या खांबाला साडेतीन मीटरच्या आसपास.

आपल्याकडे पुलांचं डिझाइन करताना लेसीचं सूत्र वापरतात. जेराल्ड लेसी या अभियंत्याने १९३० च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांच्या मोजमापांवरून ते बसवलं. सूत्राला दोन गोष्टी लागतात. नदीच्या रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं, आणि तळातल्या वाळूचा कण केवढा आहे. समजा मीटरमागे १० घनमीटर पाणी आहे आणि वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचा आहे. तर सर्वसाधारण खोली सुमारे ५.८ मीटर येते. खांबापाशी ती दुप्पट धरायची, म्हणजे ११.६ मीटर. काठाच्या टेकूपाशी १.२७ पट. खांबापाशी दुप्पट धरायचा हा नियम क्लॉड इंग्लिस यांनी हिंदुस्थानातल्या १७ पुलांच्या मोजणीवरून सांगितला. खडकवासल्याचं १९१६ साली सुरू झालेलं जल संशोधन केंद्र त्यांच्याच काळात नावारूपाला आलं. आपल्या शेजारच्या पुण्यात झालेलं हे काम अजून देशभरच्या पुलांच्या हिशेबात वापरलं जातं, याचा मला अभिमान वाटतो.

इथे एक चूक नेहमी होते. हे ११.६ मीटर नदीच्या तळापासून मोजायचे नसतात, पुराच्या पातळीपासून खाली मोजायचे असतात. पुरात तिथे ८ मीटर पाणी असेल, तर तळाखाली खड्डा ३.६ मीटर. पाया त्याच्याही बराच खाली हवा.

साताऱ्यात नदीत खडक दिसतो, सांगलीकडे माती. दोन्हीकडे सारखाच धोका का?

नाही. वाई, महाबळेश्वर, पाटणकडच्या नद्यांचा तळ पुष्कळ ठिकाणी काळ्या बेसाल्टचा आहे. पाया त्या खडकात नीट बसवलेला असेल तर मोठी काळजी मिटली. तिथे बघायचं ते खडकाच्या भेगांकडे. भेगाळलेला किंवा मुरमाड खडक असेल तर पाणी त्याचे तुकडे सुटे करून उचलतं. पाया ‘खडकावर’ आहे की ‘खडकासारख्या दिसणाऱ्या कडक मुरमावर’ आहे, हे जुन्या पुलांच्या बाबतीत विचारून घ्यावं.

कऱ्हाडच्या खाली उतरलं की नदीला उतार कमी आणि काठाला मातीचे जाड थर. बारीक ते मध्यम वाळू सगळ्यात सहज उचलली जाते, तिच्यात खड्डा काही तासांत पूर्ण खोलीला जातो. चिकण काळ्या मातीचे कण एकमेकांना धरून असतात, ती हळूहळू निघते. म्हणून लोक म्हणतात, आमच्याकडे काळी माती आहे, काही होत नाही. पण काळ्या मातीत निघालेला भाग सहसा परत भरून येत नाही. पहिल्या पुरात एक फूट, दुसऱ्यात अजून एक, असं साठत जातं. तीस वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ तीस पुरांची खरवड शिल्लक आहे असाही असू शकतो.

खांबाला टोक असलं की पाणी दुभंगतं ना? मग खड्डा पडत नसेल.

वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ बघितलं असेल. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते कृष्णेच्या घाटावर बांधलं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आपटण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं. सूत्रं हातात नसताना नदीकडे बघून हे ज्यांनी ओळखलं त्या गवंड्यांना माझा नमस्कार आहे. बहे गावच्या रामलिंग बेटाची कथाही तीच गोष्ट सांगते. प्रभू रामचंद्र पूजेला बसले असताना कृष्णा चढली, मारुतीने दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं आणि नदी दोन अंगांनी वाहू लागली, म्हणून गाव बहे. त्या बेटाच्या वरच्या टोकाला उभं राहून प्रवाह फुटताना बघा, वर सांगितलेलं अर्धं शास्त्र तिथे डोळ्यांसमोर आहे.

तरी टोकाचा फायदा किती, तेही सांगतो. चौकोनी नाकाचा खांब आणि टोकदार नाकाचा खांब यांच्या खड्ड्यात फरक वीस टक्क्यांच्या आत-बाहेर पडतो. आणि तोही पाणी सरळ नाकावर येत असेल तरच. पाणी तिरकं आलं की टोकाचा उपयोग संपतो. रुंदीच्या चौपट लांब असलेल्या भिंतीसारख्या खांबावर पाणी १५ अंश तिरकं आलं तर खड्डा दीडपट होतो, ३० अंशांवर जवळजवळ दुप्पट. पूल बांधला तेव्हा नदी सरळ होती. मग वरच्या अंगाला वळण सरकलं, कुणी काठावर भराव टाकला, मध्ये बेट वाढलं, आणि त्याच खांबावर पाणी कुशीतून यायला लागलं. संगमांच्या खाली हे जास्त होतं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेला जातात. कोणत्या नदीचं पाणी त्या दिवशी जास्त आहे, त्याप्रमाणे खालच्या प्रवाहाची धार एका काठावरून दुसऱ्या काठाकडे सरकते.

खांबाला अडकलेलं केंदाळ, ओंडके काढावेत का?

हो, पूर येण्याआधी आणि पूर गेल्यावर. खांबाला बाभळीचं एक झाड आडवं अडकलं, त्यात केंदाळ, पाचट, प्लॅस्टिक गुंतलं की पाण्याच्या दृष्टीने खांबाची रुंदी दीड मीटरची पाच मीटर होते. खड्डा रुंदीच्या मानाने वाढतो हे वर आलंच आहे. चालू पुरात मात्र कुणालाही ते काढायला पाठवू नका.

फरशी पूल आणि केटी बंधारे इतके वारंवार का वाहून जातात?

फरशी पूल म्हणजे पात्रालगतचा बुटका पूल. त्याच्याखालून पाण्याला जायला वाट कमी ठेवलेली असते. पाणी त्या कमी वाटेतून घुसताना वेग वाढवतं, आणि वरून ओलांडलेलं पाणी खालच्या बाजूला धबधब्यासारखं पडतं. पडतं तिथे तळ फुटतो आणि खड्डा मागे मागे फरशीच्या खाली येतो. फरशी दोन्ही काठांना धरून अधांतरी राहते, आणि मग एखादी उसाची ट्रॉली गेली की मोडते. लोक म्हणतात ट्रॉलीने मोडली.

केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या, बंधाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, यावरच त्याचं आयुष्य आहे. मे महिन्याच्या शेवटी वळवाचं पाणी आलं आणि बरगे तसेच राहिले, तर बंधारा भिंत होतो. नदी भिंतीशी भांडत बसत नाही, ती बाजूच्या मातीच्या भरावातून वाट काढते. पेपरात दर वर्षी छापून येतं की बंधाऱ्याचा भराव वाहून गेला. बंधारा उभाच असतो, नदी त्याच्या शेजारून जात असते.

बरगे घातलेल्या दिवसांतही एक गोष्ट बघत राहा. बंधाऱ्याच्या वर दहा-बारा फूट पाणी आणि खाली कोरडं, अशा वेळी पाणी पायाखालून झिरपत खालच्या बाजूला वर येतं. झिरपा स्वच्छ असेल तर फार घाबरू नका. पाणी गढूळ येत असेल, किंवा वाळू उकळी फुटल्यासारखी बुडबुडत असेल, तर पायाखालची माती वाहून चालली आहे. खालच्या टोकाला हे पाणी किती जोराने बाहेर पडलं की वाळू उचलली जाते, याचा हिशेब ए. एन. खोसला यांनी १९३६ साली मांडला आणि आपल्याकडचे बंधारे अजून त्याच हिशेबाने तपासतात. गढूळ झिरपा दिसला तर त्याच दिवशी पाटबंधारे विभागाला कळवा आणि वरचे काही बरगे काढून पाणी उतरवायची मागणी करा.

कोयनेतून पाणी सोडलं की जास्त पोखरतं का?

पाणी जास्त म्हणजे वेग जास्त, एवढं तर आहेच. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. १०५ टीएमसीच्या कोयना धरणात वरून आलेला बराचसा गाळ बसून राहतो. धरणातून निघणारं पाणी त्यामुळे तुलनेने स्वच्छ असतं. पाण्यात आधीच वाळू भरपूर असली तर एका हाताने उचलतं आणि दुसऱ्या हाताने टाकतं. स्वच्छ पाणी उचलतं, पण टाकायला त्याच्याकडे काही नसतं. म्हणून धरणाच्या खालच्या पट्ट्यात तळ वर्षानुवर्षं हळूहळू खाली जातो, आणि खांबांपाशी पडलेले खड्डेही कमी भरून येतात.

आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा?

तो सांगलीपर्यंत पोचतो की नाही, हा वाद या पानाचा नाही. पोखरण्यापुरतं बोलायचं तर पाणी तुंबलं की वेग मंदावतो, आणि मंद पाणी गाळ टाकतं. तुंबलेल्या पाण्यात घरं बुडतात, पुलाखालचा तळ मात्र कमी जातो.

आमची मळी, म्हणजे नदीकाठची जमीन, पुरात टिकली आणि पूर उतरल्यावर ढासळली. हे कसं?

भिलवडी, औदुंबरपासून हरिपूरपर्यंत हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा भरून आलेला असतो. अर्धा एकर मळी म्हणजे पिढ्यानपिढ्यांची जमीन.

पूर आठवडाभर राहिला की काठाची माती आतपर्यंत भिजते, जड होते. तोवर बाहेरून नदीचं पाणीच तिला टेकू देत असतं. पूर झपाट्याने उतरला की हा टेकू जातो, पण मातीतलं पाणी तेवढ्या लवकर बाहेर पडत नाही. भिजलेल्या, जड झालेल्या काठाला आतून दाब आणि बाहेरून आधार नाही. त्यात काठाचं बूड पुरात आधीच खरवडलेलं असतं. मग काठाला समांतर भेग पडते आणि अख्खा तुकडा बसतो.

अशी भेग दिसली की तिच्या अलीकडे पाच-सहा मीटरपर्यंत ट्रॅक्टर नेऊ नका, पाणी पाजू नका. काठावर वाळा, बांबू, करंज लावल्याचा फायदा होतो, पण मुळं जातात तेवढ्याच खोलीपर्यंत. बूड खरवडत असेल तर बुडाशी दगडच लागतात.

जॅकवेलचं काय?

नदीच्या प्रवाहात असलेली जॅकवेल म्हणजे पाण्याच्या लेखी मोठा गोल खांब. वरचं सगळं तिला लागू आहे, आणि तिची रुंदी जास्त म्हणून खड्डाही मोठा.

पाइपाची गोष्ट वेगळी आहे. आमच्या संस्थेचा जॅकवेलकडे येणारा पाइप तळाखाली जेमतेम फूटभर गाडला होता. एका पुरात वरची वाळू गेली आणि पाइप उघडा पडला. उघड्या पाइपाखालून आधी नुसतं पाणी झिरपतं, मग बोटभर फट पडते. त्या फटीतून पाणी जोराने जातं आणि फट मोठी होत जाते. डिसेंबरात उतरून बघितलं तर वीस फूट पाइप अधांतरी, खालून कुत्रं आरपार जाईल एवढी जागा, आणि मधला सांधा उघडलेला. ऐन उसाच्या पाण्यात बावीस दिवस मोटरी बंद होत्या. त्या वर्षी ज्यांचा ऊस वाळला त्यांना मी आजही रोज भेटतो. आता पाइप सहा फूट खाली आहे आणि वर जाळीतले दगड आहेत.

खड्ड्यात मुरूम किंवा राडारोडा टाकून भागेल का?

भागत नाही. मुरूम पुढच्या पुराच्या पहिल्या तासात जातो. दगडच लागतात, आणि किती मोठे ते वेगावर ठरतं. खांबापाशी पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर गोल नाकाच्या खांबाभोवती साधारण ४३ सेंटिमीटरचा, म्हणजे दीड फुटाच्या जवळपासचा दगड हवा. असा एक दगड शंभर-सव्वाशे किलो भरतो, डोक्यावरून पाटीत आणता येत नाही. दगडांच्या खाली बारीक खडीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल कापड घालावं लागतं, नाहीतर दगडांच्या फटींतून खालची वाळू निघून जाते आणि दगड खचतात. दगडांचा माथा तळाच्या पातळीला ठेवायचा. ढीग केला तर ढीगच नवा अडथळा होतो.

दगड एकदा टाकले म्हणजे काम झालं असंही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीक या नदीवरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळला आणि १० माणसं गेली. पाया उथळ होता, भोवतीचे दगड वर्षानुवर्षं पुरांनी हलवले होते आणि पुन्हा भरले गेले नव्हते. तिथल्या पुलांची पाण्याखालची तपासणी त्यानंतर कडक झाली.

वाळू उपशाचा पुलाशी संबंध काय? उपसा तर लांब होतो.

खालच्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर खोल खड्डा केला तर त्याची वरची कड प्रत्येक पुरात उगमाकडे सरकत येते. खड्डा चालत पुलापर्यंत येतो. वीस फूट गाडलेला खांब मग बारा फूटच गाडलेला राहतो, आणि पुराचा नेहमीचा खड्डा त्या बारा फुटांतून वजा होतो.

जुने ब्रिटिशकालीन पूल पाडावेत का?

वय बघून ठरवू नका, पाया बघून ठरवा. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा आणि त्याने २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर अंगावर घेतले. महाडजवळ सावित्रीवरचा पूलही त्याच पिढीचा, १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला आणि दोन एसटी बस माणसांसकट गेल्या. सावित्री आणि कृष्णा दोघींचा उगम महाबळेश्वरचा. जुन्या पुलाचे पाया किती खोल आहेत याचे नकाशे पुष्कळदा सापडत नाहीत, खरी अडचण तिथे आहे. नकाशा नसेल तर खांबाशेजारी बोअर मारून पाया किती खाली जातो ते बघता येतं, आणि गावाने तशी लेखी मागणी करावी.

आम्ही काय बघायचं?

कठड्याची रेषा. पुलाच्या एका टोकाला बसून एक डोळा मिटून कठड्यावरून बघा. कुठे खाली वाकलेली किंवा नदीकडे सरकलेली दिसते का. स्लॅबच्या सांध्यावर गाडी गेल्यावर पूर्वी नसलेला धक्का बसतो का. कमानीच्या पुलात माथ्यावर किंवा खांबाच्या वर नवी भेग आहे का. पुलाच्या दोन्ही तोंडांचा भराव खचला आहे का. उन्हाळ्यात खांबाचा पूर्वी न दिसणारा, वेगळ्या रंगाचा भाग उघडा पडला आहे का. पाण्याखाली असलेल्या दगडाचा रंग आणि मातीखाली असलेल्या दगडाचा रंग वेगळा असतो, जुने मासेमारी करणारे तो लांबून ओळखतात. त्यांना विचारा.

यातलं काही चालू पुरात दिसलं तर पुलावर जाऊन खात्री करू नका. दोन्ही बाजूंनी रस्ता अडवा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा.

तळ मोजायला मोठी यंत्रं लागतात का?

खात्याकडे सोनार, म्हणजे आवाजाच्या लाटांनी खोली मोजणारं यंत्र, असतो, तो चांगला. गावाला दोरी पुरते. अडीच-तीन किलोचं वजन, न ताणणारी दोरी, दर अर्ध्या मीटरला रंगीत गाठ. कठड्यावर ऑइलपेंटने खुणा करा, प्रत्येक खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे नाकाच्या बरोबर वर एक, आणि दोन खांबांच्या मधोमध एक. दोरी नेहमी त्याच खुणेवरून सोडायची आणि खुणेपासून तळापर्यंतचं अंतर लिहायचं. पाण्याची खोली लिहू नका, ती रोज बदलते. वर्षातून दोनदा पुरे, मेमध्ये आणि दिवाळीनंतर. मेमध्ये पाणी कमी असतं तेव्हा खांबाच्या नाकापाशी बांबूही रोवून बघायचा आणि तो किती खाली गेला ते शेजारच्या रकान्यात लिहायचं.

आमच्या वहीतली एक ओळ देतो, म्हणजे कसं लिहायचं ते कळेल: खांब ३, वरचं अंग, खुणेपासून तळ ११.५ मीटर, बांबू ४ फूट सैल, गाळात पाचट, पाणी संथ. मधोमधच्या खुणेवर त्याच दिवशी ९.५ मीटर भरलं होतं. हे दोन मीटर आणि चार फूट बघितल्यावर आम्ही ती वही घेऊन बांधकाम विभागात गेलो, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा माणूस सोनार घेऊन नदीत उतरला.